गिऱ्हाइकाचा धागा

१२ फेब्रुवारी

ति. ताई,

नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण गुडघा ऐकत नाही. उभ्यानेच गोड मानून घे.

माझ्या हातचं पत्र बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. बंद पडलेल्या बिस्किट कारखान्यात जो परग्रहावरचा पाहुणा उतरलाय (वर्तमानपत्र रद्दीत घालण्याआधी उघडत असशील, तर तुला ठाऊक असेल), त्याच्या देखरेख समितीत मी दोन महिने मुख्य लिपिक आहे. कुंपणाच्या आत टेलिफोनला बंदी. पत्र लिहायचं, ते तपासनीस वाचणार, शिक्का मारणार, मग टपालात. तपासनीस म्हणजे भरघोस मिशांचे, कोटाचं कोपर फाटलेले एक गृहस्थ. ते हे वाचणारच आहेत म्हणून लिहितो, माणूस फार सज्जन आहे.

पाहुणा म्हणजे दोन दारांच्या कपाटाएवढं, जुन्या पितळेच्या रंगाचं यंत्र. आत कोणी बसलेलं नाही. स्वतःच्या डोक्याने चालतं, विचार करतं, बोलतं. पण पहिले पंधरा दिवस ते नुसतं ऐकत होतं, आणि ऐकायला काय होतं? आमच्या बैठका. त्यामुळे ते आपली भाषा शिकलं ती आमच्याकडून. अध्यक्षांनी विचारलं, "विश्वात आणखी कोण आहे?" ते म्हणालं, "सदर बाब विचाराधीन आहे." पदार्थविज्ञानाच्या सरांनी विचारलं, "आपण कुठून आलात?" ते म्हणालं, "या संदर्भात यापूर्वीच कळविण्यात आले आहे." अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "इतकी प्रगत संस्कृती!"

त्याने स्वतःहून एकच गोष्ट मागितली आहे. त्याच्यापाशी कांद्याच्या सालीसारखं पातळ, पॅकिंगच्या हॉलभर पसरेल एवढं कापड आहे. वर गेल्यावर पुढचा सगळा प्रवास त्या कापडाच्या शिडावर, उन्हाच्या रेट्याने. उतरताना ते कारखान्याच्या पत्र्यात अडकून फाटलं. "दुरुस्ती करणारे माणूस पुरविण्यात यावे," हे ते रोज सकाळी दहा वाजता म्हणतं. समितीने डिंक लावून पाहिला, पट्टी लावून पाहिली, काहीतरी किरणही मारून पाहिला. काही धरत नाही. त्यात कुणी चिमटा घेऊन जवळ गेलं की कापड आपोआप घडी होऊन आत जातं.

परवा बैठकीत माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी बहीण रफू करते." सगळ्यांनी वळून पाहिलं. आजवर मी सगळ्यांना तू वस्त्रोद्योगात आहेस असं सांगत होतो. रागावू नकोस. येशील का?

मी माझ्या रिवाजाप्रमाणे आल्या दिवशीच त्याची नोंदवहीत नोंद केली आहे. मोठी फाट एक, लांबी दोन फूट सव्वातीन इंच. बारीक भोकं अकरा, प्रत्येकाचं दोन्ही काठांपासूनचं अंतर मोजून. तेवढं कापड बाहेर लोंबत होतं तेव्हा लांबूनच पट्टी धरली. अध्यक्ष हसले, म्हणाले, "हे काय सरकारी टेबल आहे का, पायाला चरा आहे म्हणून लिहायला?" हसोत बापडे.

तुझा,
फुटपट्टी

[तपासले. आक्षेपार्ह काही नाही. ताईंना विनंती, कोपराला रफू होतं की ठिगळच लावावं लागतं? — तपासनीस]


१५ फेब्रुवारी

चि. फुटपट्टी,

अनेक आशीर्वाद, गुडघ्याला वेगळे.

जिन्याखालच्या साडेचार फुटांच्या माझ्या दुकानाला तू वस्त्रोद्योग म्हणालास हे मी दुकानाला वाचून दाखवलं. ते लाजलं. लहानपणी एका अंथरुणावर निजायचो, तेव्हा मधोमध पट्टी ठेवून "ताईचा पाय अर्धा इंच माझ्या हद्दीत" अशी आईकडे तक्रार करणारा तू. म्हातारपणी अख्ख्या आकाशातल्या पाहुण्याला पट्टी लावलीस. आई असती तर म्हणाली असती, पोर वाया गेलं नाही.

आता कामाचं. तुमच्या समितीत सात पदव्या आहेत आणि एकीलाही हे कळू नये? डिंक काय, किरण काय! रफूला बाहेरचं काही चालत नाही. कपड्याच्याच आतल्या शिवणीतून, दुमडीतून धागा ओढून काढायचा आणि त्यानेच उभं-आडवं विणायचं. स्वतःचंच रक्त स्वतःला, म्हणून तर ते दिसत नाही. त्याला विचारा, कापडाला काठाशी दुमड आहे का? असेल तर काम होईल.

आणि माझे नियम. खिडकीखाली टेबल. दिवसाउजेडीच काम, उन्हं कलली की सुई खाली. डोक्याशी उभं राहून "किती झालं?" विचारायला कोणी नको. आणि उरलेला धागा, बोटभर असो की नखभर, चिठ्ठीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात परत. सासूबाईंनी पहिल्या दिवशी सुई देण्याआधी हे शिकवलं होतं: ज्याचा धागा त्याला. आज नखभर ठेवशील, उद्या बाही ठेवशील. चाळीस वर्षं झाली. त्या बाई बाकी शब्द फिरवायच्या, पण हा शब्द मी फिरवलेला नाही.

वहिनीला सांग, तिचा शालू झालाय. भोक कुठे होतं ते शोधून दाखवलं तर पुढचं काम फुकट.

तुझी,
ताई

ता.क. तपासनीसांना: कोट बघितल्याशिवाय सांगता येत नाही. कोपरं टेबलावर टेकून दुसऱ्यांची पत्रं वाचली की असंच होतं.


२२ फेब्रुवारी

ति. ताई,

नमस्कार.

दुमड आहे! चारही बाजूंनी, चार बोटं रुंद. मी बैठकीत तुझं पत्र वाचून दाखवलं. मग अध्यक्ष म्हणाले, "मी हेच सुचवणार होतो."

तुझ्या नावाची परवानगी निघाली. २७ तारखेला गाडी येईल. तुझ्यासाठी मी हमीपत्रावर सही केली आहे. ती औपचारिक बाब आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस. आत फक्त दुरुस्ती करणारं माणूस, बाकी कुणी नाही, ही पाहुण्याचीच अट आहे. त्यामुळे तू आत, मी बाहेर माझ्या टेबलाशी, मध्ये चाळीस पावलांचं अंगण. नियमाप्रमाणे आतबाहेर सगळा व्यवहार लेखी. म्हणजे मी खिडकीतून तुला बघणार आणि पत्र लिहिणार.

एक विचारू? रफू झाल्यावर कात्रणं, धाग्याचे तुकडे उरतात. ते परत देतेस हे कळलं. पण एखादा तुकडा चुकून राहून गेला, असं कधी झालंय का? सहज विचारतो.

तुझा,
फुटपट्टी

[तपासले. शेवटचा प्रश्न सहज वाटत नाही. तथापि आक्षेपार्ह नाही. — तपासनीस]


१ मार्च
पॅकिंग हॉल, खिडकीखाली

चि. फुटपट्टी,

तीन दिवस तू खिडकीत उभा राहून माझ्याकडे हात हलवतोयस. मी हलवत नाही, कारण माझ्या हातात सुई आहे. आणि आजपासून दुसरंही कारण आहे, ते शेवटी.

गिऱ्हाईक छान आहे. गेल्या गेल्या मी विचारलं, "कापडाला हात लावू का?" कपाट म्हणालं, "अशा स्वरूपाची विचारणा यापूर्वी प्राप्त झालेली नाही." मी म्हटलं, "अहो, हो म्हणा की नाही म्हणा, माझं ऊन चाललंय." ते म्हणालं, "हो." आणि कापड घडी उलगडत माझ्या मांडीवर आलं. काय कापड आहे रे! वाऱ्यालाच ताणा-बाणा घातलाय म्हण ना. धागा केसाहून बारीक, पण हाताला शहाणा. गाठ मारली की मारलेली राहते.

मी त्याला थोडं बोलायला शिकवते आहे. काल म्हणालं, "प्रकाश कमी होत असल्याचे निदर्शनास येते." म्हटलं, नुसतं "अंधारलं" म्हणावं. थोड्या वेळाने विचारतं, "ताई, अंधारलं. उद्या येणार?" मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! घरात इतकी माणसं, पण गेल्या कित्येक वर्षांत मला कोणी उद्याचं विचारलं नव्हतं. सगळ्यांनी गृहीतच धरलेलं.

आता शेवटचं. आज तुझे अध्यक्ष दारापर्यंत आले. औषधाची छोटी बाटली हातात. म्हणे, "ताई, विज्ञानासाठी. बोटभर तुकडा कापून हळूच ह्यात घाला. त्याला कळणारही नाही." मी म्हटलं, "कळणार नाही असं करणं हाच माझा धंदा आहे, पण भोक बुजवायचं. पाडायचं नाही." त्यावर हसून म्हणाले, "आपल्या बंधूंनी हमी दिलीय."

"एखादा तुकडा चुकून राहून गेला का." सहज विचारत होतास, नाही का?

ताई


२ मार्च

ति. ताई,

काल दुपारपासून तू खिडकीकडे पाठ करून बसली आहेस. चाळीस पावलांवरूनही तुझी पाठ रागावलेली कळते. लहानपणीही कळायची.

खरं सांगतो. मी तुझं नाव काढलं तेव्हा मनात फक्त रफू होतं. पण दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी मला एकट्याला बोलावलं. म्हणाले, "आमचा चिमटा जाताच ते घडी करतं. दुरुस्तीच्या हातापुढे करणार नाही. तुमच्या बहिणीला आत जाऊ देतो, पण नमुना हवा." हमीपत्रात लिहिलंय, "सदर महिला समितीच्या सर्व सूचनांचे पालन करतील." खाली माझी सही. सूचना पाळली नाही तर मला अभिलेखांच्या कोठारात पाठवतील. तळघर आहे ते. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, ती जुन्या फायलींच्या धुळीत शिंकत काढायची. पाहुण्याच्या समितीत नेमणूक झाली तेव्हा उभ्या नोकरीत पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं होतं, "मग, आज काय झालं तुमच्याकडे?" तुझी वहिनीसुद्धा विचारायची.

तुला सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तू आली नसतीस, आणि त्याचं कापड तसंच राहिलं असतं. असं मी स्वतःला समजावलं. बोटभरच, असंही समजावलं. मोजायची सवय असली की बोटभर ही फार छोटी गोष्ट वाटते.

काय करायचं ते तू ठरव.

तुझा,
धाकटा

[तपासले. मी काही वाचलेले नाही. — तपासनीस]


५ मार्च

चि.,

हमीचं उत्तर आज देत नाही. अजून राग शिल्लक आहे. तो वाया घालवायचा नाही म्हणून कामात घातला.

काम झालं! मोठी फाट काल दुपारीच मिटली. आणि आज ऊन हातात होतं म्हणून तुझी ती अकरा भोकंही बुजवून टाकली. भोक दिसलं की माझा हात थांबतच नाही, तुझा पट्टीशिवाय थांबत नाही तसा. एक गोष्ट खटकली खरी. ती फाटलेली नव्हती, कापलेली होती. काठ अगदी साफ, चांगल्या धारेचे. कुणाची तरी कात्री. पण म्हटलं, आलेच आहोत तर गिऱ्हाईक सगळं नवं करून पाठवू. ते बिचारं चार दिवस स्वतःची कसलीशी तपासणी करत गप्पच होतं. उद्या उघडून बघेल तेव्हा कसं खूश होतं बघ.

सासूबाई असत्या तर भिंग लावून बघितलं असतं आणि "बरं आहे" म्हणाल्या असत्या. त्यांच्या तोंडचं "बरं आहे" म्हणजे शेजारच्या बाईच्या तोंडचं "अगंबाई!" चौपट.

ताई


६ मार्च, सकाळ

फुटपट्टी,

माझ्या हातून मोठी चूक झाली आहे. हे पत्र कोणाला वाचून दाखवू नकोस. (तपासनीस, तुम्हीही वाचून विसरा.)

सकाळी त्याने कापड तपासलं. आधी म्हणालं, "फाट मिटली. छान." माझा शब्द, "छान". मग पुन्हा तुमची भाषा सुरू. "अकरा नोंदी उपलब्ध होत नाहीत."

मी विचारलं, "कसल्या नोंदी?"

"ठिकाणांच्या. प्रत्येक भोक म्हणजे एक ठिकाण."

"अरे, पण एवढं तुझं डोकं! डोक्यात नाही का ठेवत?"

"प्रवास लांब असतो. निघताना डोकं रिकामं करावं लागतं. बोलणंसुद्धा पुसलं जातं. कापड तेवढं राहतं."

म्हणजे कळलं का? पुढच्या ठिकाणी पोहोचेल तेव्हा आपण कुठे कुठे गेलो होतो हे त्याला फक्त त्या भोकांच्या जागेवरून कळायचं. ती त्याची वही होती. आणि मी ती रफू केली.

मी विचारलं, "पण नोंद भोक पाडून का करतोस, वेड्या?"

ते म्हणालं, "मी पाडली नाहीत. अकरा ठिकाणी थांबणं झालं. अकराही ठिकाणी समिती होती."

मी भिंग खाली ठेवलं.

"प्रत्येक ठिकाणी तुकडा कापला. हरकत नोंदवली होती. दखल घेतली गेली नाही. मग भोकंच लक्षात ठेवायला घेतली. हे सगळं भोकांच्या काठांवरच्या खुणांवरून उतरल्यावर वाचलं होतं; जागा मात्र डोक्यात ठेवल्या नव्हत्या. अकराव्यानंतर घडी करायला शिकलो."

चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाने न सांगितलेलं काम मी कधी केलं नव्हतं. एकदाच केलं, तर हे. उसवून पुन्हा मोकळी करते म्हटलं, तर सापडत नाहीत! सकाळपासून भिंग लावून बसलेय. काम इतकं चांगलं झालंय की माझं मलाच दिसत नाही. आयुष्यभर ह्या गोष्टीचा तोरा मिरवला, आज तोच अंगावर आला. ते रागावलंसुद्धा नाही रे. "असू दे ताई," म्हणालं. हेही माझ्याकडूनच शिकलं. तेच ऐकवत नाही.

ताई


६ मार्च, दुपार

ति. ताई,

रडू नकोस. डोळे पूस, भिंग बाजूला ठेव आणि सोबतचा कागद उघड.

पान क्रमांक तीन. "आगत वस्तूची स्थिती." भोक पहिलं: डाव्या काठापासून चार फूट साडेसात इंच, वरच्या काठापासून अकरा इंच एक सूत. भोक दुसरं... अशी अकराही. अध्यक्ष ज्याला हसले ते हेच. अख्खं पानच पाठवतोय, नक्कल करत बसलो नाही. आमच्या खात्यात मूळ पान फाईलमधून काढणं म्हणजे काय, हे तुला कळायचं नाही. फाईलची लाल फीत सोडली तीसुद्धा पुन्हा बांधता येईना, म्हणून तशीच सोबत पाठवली आहे.

अध्यक्षांची सही घ्यायला हवी होती. घेतली नाही. तपासनीसांना म्हटलं, "नियमात बसत नाही." ते म्हणाले, "मी सध्या कोपर बघतोय, माझं लक्ष नाही."

आणि दुसरं. हमीपत्राखाली आज लिहून दिलं, की माझी बहीण गिऱ्हाइकाचा धागा ठेवत नाही, तेव्हा ही हमी मी मागे घेत आहे. अध्यक्षांनी दोनदा वाचलं. मग विचारलं, "तुम्हाला धुळीचा त्रास आहे ना?" म्हटलं, आहे. शिंकेन.

बाराव्या ठिकाणीही बारावं भोक पडू नये, ताई. निदान आपल्या घरातल्या माणसाच्या हातून तरी.

तुझा,
फुटपट्टी


७ मार्च

माझ्या गुणी फुटपट्टी,

आधी आईच्या वाटचं एकदा पाठीवर हात फिरवते. चाळीस पावलांवरून पोहोचला समज.

तुझं पान मी गिऱ्हाइकासमोर धरलं. त्याने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, मग पुन्हा वाचलं. म्हणालं, "हे कुणी मोजलं?" म्हटलं, "माझ्या धाकट्या भावाने. त्याला लहानपणापासून खोड आहे." ते म्हणालं, "चांगली खोड आहे." हे मी मुद्दाम जसंच्या तसं लिहिलंय. पान चौकटीत लावून ठेव म्हटलं असतं, पण पान आता त्याच्यापाशी आहे.

मग तुझ्या पानावरून मोजून अकराही जागा काढल्या. एक सूतसुद्धा इकडेतिकडे नाही. भोकं पुन्हा पाडायला माझा हात होईना. तेव्हा विचारलं, "भोकाऐवजी गाठ चालेल?" ते म्हणालं, "जागा तीच असली की पुरे." मग त्याच्याच धाग्याच्या अकरा बारीक गाठी मारल्या. हात फिरवला की लागतात. ऊनही निसटणार नाही आणि वहीही राहिली.

उरलेला धागा चिठ्ठीत बांधून त्याच्यापुढे ठेवला, रिवाजाप्रमाणे. आणि मग, फुटपट्टी, माझ्या मनात एक साधी गोष्ट आली. तुमच्या सात पदव्यांच्या नाही आली, माझ्याही आठ दिवस नाही आली. मी म्हटलं, "हे बघ बाबा, बाहेर एक गृहस्थ बाटली घेऊन बसलेत. त्यांना तुझा बोटभर धागा हवाय. देतोस का? नाही म्हणालास तरी चालेल."

त्याने कापडाची घडी एकदा उलगडली, एकदा मिटवली. मला वाटलं, बिघडलं. मग म्हणालं, "ताई, अकरा काठांवर कात्रीची खूण होती. विचारल्याची एकावरही नव्हती." आणि म्हणालं, "द्या त्यांना."

तर सोबत चिठ्ठीत बोटभर धागा आहे. चोरलेला नाही, दिलेला आहे. अध्यक्षांना सांग, पावती गिऱ्हाइकाच्या नावाने फाडा.

राहता राहिलं बारावं ठिकाण. ते म्हणालं, "इथे भोक नाही. हे कसं लक्षात ठेवू?" मी सुई हातात घेऊन बसले. आता सांग, जिने उभा जन्म दिसू नये असा टाका घातला, तिने दिसेल असा कसा घालायचा? आणि बाहेरचा धागा वापरायचा नाही म्हणून तर तुम्हाला इतकं सुनावलं होतं. शेवटी तुझ्या फायलीच्या लाल फितीतून एक दोरा ओढला आणि कोपऱ्यात एक टाका घातला. लालभडक. आंधळ्यालाही दिसेल. सासूबाईंना वर कळलं असेल तर त्यांनी कपाळाला हात लावला असेल. माझ्या आयुष्यातला पहिला वाईट टाका, आणि तो किती लांब जाणार बघ.

तुझी,
ताई

ता.क. तुझ्या पानाबरोबर आत आलेला तपासनीसांचा कोट सोबत परत पाठवते आहे. कोपर शोधून दाखवावं.

[तपासले. तीनदा तपासले. सापडले नाही. — तपासनीस]


१९ मार्च
अभिलेख कोठार

ति. ताई,

नमस्कार. आज बसूनच.

होय, कोठारातच. अध्यक्षांना धागा मिळाला, ते इतके खूश झाले की चोवीस पानी अहवाल लिहिला, "समितीच्या अथक प्रयत्नांनी प्राप्त नमुना." पण पान क्रमांक तीन कुठे गेलं, ह्याचं उत्तर कोणीतरी द्यायलाच हवं होतं. मी म्हटलं, "पाहुण्याला दिलं." ते अहवालात बसेना. म्हणून मी इथे.

पण एक सांगू? इथे खिडकी आहे. कोणी सांगितलं नव्हतं. दोन फूट बाय दीड, सकाळचं ऊन थेट टेबलावर. आणि फायली अशा काही लावून ठेवल्या आहेत की मला दोन वर्षं पुरून उरेल एवढं मोजायला आहे. दोनदाच शिंकलो. तुझी वहिनी अजून विचारते, "मग, आज काय झालं तुमच्याकडे?" आता सवय लागली तिला. काल तिने शालू दिव्याखाली धरून तासभर भोक शोधलं. मग म्हणाली, "वन्संना सांगा, हरले."

तू गेल्यावर आठवड्याने पाहुणा निघाला. भर दुपारी, लख्ख उन्हात. समिती रांगेत उभी होती, अध्यक्षांनी भाषण केलं. त्यात सात वेळा "मानवजात" आली, मी मोजली. पाहुणा शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाला, "नोंद घेतली." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पितळी दार मिटायच्या आत मी पुढे झालो. नियमात नव्हतं, पण कोठाराचा आदेश खिशातच होता, आणखी काय करणार होते? मी विचारलं, "त्या लाल टाक्याची नोंद काय केलीत?"

ताई, ते तुझ्यासारखं बोललं. अगदी तुझ्या सुरात, घाईघाईने, ऊन चाललंय असं.

म्हणालं, "बारावं ठिकाण. समिती होती. ताईपण होती."

तुझा,
फुटपट्टी